जागल्याचा सत्कार

अर्जुनराव : मग उठवा की त्याला. निजायची येळ हाय का ही? मांडव भरलाय, पाहुणे गेवराईहून निघालेत.

छबुबाई : न्हाई उठवायची.

अर्जुनराव : वैनी, सोसायटीचा चेअरमन तुमच्या दारात आलाय. तुमच्या नवऱ्याचा सत्कार हाय. शाल, नारळ, फेटा. चौकात फलक लावलाय, 'चारा छावणीचा जागल्या रामहरी'. फोटोसगट.

छबुबाई : बघितला. डोळे बघितले का त्यातले? कापल्या बोकडावानी. ते बघून बी तुमाला सत्कारच सुचला.

अर्जुनराव : दिवाळीपासून डोळ्याला डोळा न लावता छावणी राखली त्यानं. एक वासरू चोरीला गेलं न्हाई. अशी माणसं आता ऱ्हायलीत कुठं?

छबुबाई : राखली कशाची? झोपच येत नव्हती त्यांना. तुमच्याकडंच आलते सांगायला. डोकं फुटतंय म्हणले, जीप द्या, दवाखान्यात जाऊन येतो. तुमी काय म्हणलात?

अर्जुनराव : काय म्हणलो?

छबुबाई : कासमभाई, जीप तुमीच चालवता. तवा हुता ना तुमी?

कासम : हुतो, भाभी. साब म्हणले, झोप येत न्हाई तर झ्याकच की बे. रातची राखण तूच धर, नुस्ता पडून काय करतो.

अर्जुनराव : कासम, तू गाडीत बस. आन् वैनी, दुष्काळात माणसाला काम दिलं, हा गुन्हा हाय का?

छबुबाई : तापानं फणफणलेल्या माणसाच्या अंगावर भाकरी शेकून घ्यावी, तसं केलं तुमी.

अर्जुनराव : झोप न येणं हा काय आजार असतो? मला बी निवडणुकीत येत न्हाई.

छबुबाई : निवडणूक सरली की घोरता ना? यांची गेली ती गेलीच. हातात घास धरून बसायचे, खायचं इसरायचे. बैलाच्या नावानं मला हाक मारायचे. मी बी येडी. आधी देवऋष्याकडं नेलं, कोंबडं दिलं. मग दुकानातून गोळ्या आणल्या, कुणाला न इचारता. त्यानं दिवसा पेंग, रातचा तसाच जागा. वरून छावणीतला तुमचा काळा चहा, किटली किटली.

कासम : साब, आता सांगूनच टाकतो. भाभी, परवा कडबा तोडायच्या मशीनीवर रामहरी उभ्या उभ्या पेंगला. पेंढीसंगट हात आत चालला हुता. मी पट्टा पाडला म्हणून पंजा ऱ्हायला.

छबुबाई : मला म्हणले, नख दारात चेंगरलं.

कासम : साबच म्हणले, सत्कार होऊस्तोवर बोलायचं न्हाई.

अर्जुनराव : तसं न्हाई म्हणलो. गाजावाजा नको, एवढंच म्हणलो.

छबुबाई : शी. पंजा तुटला असता तर थोट्या हातावर टाकली असती का शाल?

अर्जुनराव : तोंड सांभाळून बोला.

छबुबाई : लई सांभाळलं. काल मीच त्यांना एसटीत घालून तालुक्याला नेलं. डॉक्टरीणबाईनं आधी सगळं ऐकून घेतलं, मधी बोलली न्हाई. मग म्हणली, हा आजारच हाय, ह्याला दवा हाय, लाजू नका. रातचं काम बंद. दुपारून चहा बंद. दुकानातल्या गोळ्या फेकून द्या. निजायची येळ एक, उठायची एक. आन् मनातलं बोलायला दर आठवड्याला तिथल्या दुसऱ्या डॉक्टरकडं यायचं.

अर्जुनराव : म्हंजे येड्यांच्या डॉक्टरकडं? आन् हे पाहुण्यांना कळलं तर? सोसायटीची अब्रू काय ऱ्हाईल?

छबुबाई : सोसायटीच्या अब्रूला कडबा घाला. रातीला पडले ते आत्ता कुठं घोरायला लागलेत. पहिली झोप लागली तर मोडू नका, असं बाईनं बजावलंय.

अर्जुनराव : नीट ऐका. राखण सोडली तर छावणीत तुमच्या बैलांची जागा ऱ्हात न्हाई. मागं लोकं रांगेत हायती.

छबुबाई : संध्याकाळी सोडून आणते. चकलांब्याला भावाच्या हिरीला थोडं पाणी हाय, तिथं बांधते. न्हाईच निभलं तर बाजार दावते. बैल परत घेता येत्यात.

अर्जुनराव : बरं, पाच मिन्टं. फोटोपुरतं बसवतो, लगेच आणून सोडतो.

छबुबाई : मढ्याला बी फोटोपुरतं टेकवून बसवत्यात लोकं. माझं माणूस जितं हाय.

अर्जुनराव : कासम, हॉर्न मार बे. आपोआप उठंल.

कासम : न्हाई मारत, साब.

अर्जुनराव : काय म्हणला?

कासम : गाडी सोसायटीची, हात माझा हाय.

अर्जुनराव : उद्यापास्नं येऊ नको कामावर. आता चल. पाहुण्यांना काय तोंड दाखवू मी?

छबुबाई : सांगा की, माणूस निजलाय.

अर्जुनराव : चल, चालू कर गाडी.

कासम : हितं न्हाई करता येत. सायलेन्सर फुटलाय, येताना न्हाई उठला हे नशीब, आता अख्खी गल्ली उठंल. उतरा साब, मागून हात लावा. लिंबापतुर ढकलू, मग करतो चालू.