कुंपणातलं भगदाड

नळाच्या तक्रारीसाठी पालिकेच्या तक्रार-हरकत खिडकीच्या रांगेत उभ्या असलेल्या शिंपीणबाईंची नजर पुढच्या आजोबांच्या पँटवर गेली. मागे एकाच जागी तीनदा रफू केलेलं. शेजारी आजी होत्या, त्या आजोबांना विचारत होत्या.

"नदीकाठची पडीक जागा पालिकेने बागेला दिली, चांगलं झालं की. तुमची हरकत कशाला?"

"तारेचं कुंपण काढणार आहेत. आपलं भगदाड जाणार."

"अहो, कुंपणच नसल्यावर भगदाड हवंय कशाला?"

"उद्या सगळं गाव तिथे येऊन बसेल. आपली जागा ती."

"आपली? लग्नाआधीपासून चोरून घुसतोय आपण. तसंच सांगणार का खिडकीत?"

"हळू बोल."

"लव्हाळी लावणार आहेत पुन्हा. पाणकोंबड्या दिसत नाहीत म्हणून कुरकुर कोण करतं? मी?"

तेवढ्यात आजोबांचा नंबर आला.

"बोला आजोबा, काय हरकत आहे?" खिडकीतल्या मुलीने विचारलं.

"हरकत अशी काही नाही. त्या वाकड्या करंजाखाली एक बाक तेवढा ठेवा. हिला आता खाली बसवत नाही."

आजींनी खिडकीत डोकं घातलं.

"आणि कुंपण जरा लवकर काढा, बाई. यांच्या पँटी शिवून शिवून माझे डोळे गेले."