सर्जाची घुंगरमाळ

माझी झोप उडाली होती ती एकाच काळजीनं, की आमची चिमी घरी सांगून बसली तर? चिमी तेव्हा चार वर्षांची. दर शनिवारी अंबडहून तिला घेऊन मी जालन्याला बेली डान्सच्या क्लासला जायचे. बाळंतपणानंतर पोट सुटलं होतं आणि चारचौघांत उभं राहायचा धीरही गेला होता. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, योगासनांचा क्लास सांगितलेला. चिमीलाही तेच पढवलेलं.

क्लासच्या मॅडम दर वेळी म्हणायच्या, "ताई, खांदे नको, कंबर हलवा. घरी कंबरेला काहीतरी वाजणारं बांधून सराव करा, म्हणजे कळेल."

वाजणारं घरात एकच होतं, पोळ्याला सर्जा बैलाच्या गळ्यात घालायची घुंगरमाळ. आबा शेतात गेलेले बघून मी दार ओढून घेतलं, माळ बांधली आणि सुरू झाले. चिमी समोर बसून बघत होती.

तेवढ्यात ओसरीतून आवाज आला, "सर्जा सुटला का काय?"

आबा लवकर आल्ते. माझ्याच्यानं गाठ सुटेना. चिमी उठून बाहेर गेली.

"सर्जा न्हाई आबा, मम्मी हाय."

"मम्मी? काय करून राह्यली?"

"योगासनं."

पोरीनं बराबर लक्षात ठेवलं होतं. मला इतकं भरून आलं म्हणून सांगू.

मंग ती पुढं म्हणाली, "पण मॅडम म्हणतात, तिची कंबरच न्हाई हालत."