टोबीनं रोडगा खाल्ला

हॅलो?… हॅलो! हो, बीडची कचेरी… मी मोहनरावच… कोण, तारा? तारे, तू होय!

अगं जिवंत आहोत. सगळे. आप्पासुद्धा.

नाही, झालं असं, हैदराबादेहून टेलिफोन आलाय म्हणून कचेरीचा शिपाई पळत घरी आला. गल्लीला वाटलं, कुणीतरी गेलं. मी पुढं आणि मागं शेजारच्या बाया पदर डोळ्याला लावून… हो, बाहेर पायरीवर बसल्यात. कोण गेलं ते कळल्याशिवाय उठायच्या नाहीत.

बोल… हो, टोबीचंच ना? मीच तुला… अगं ऐक ना. ती तार…

हो, मीच केली होती. ‘कुत्रं अन्न घेत नाही, परत न्या.’ तुझ्या वहिनीनं करा म्हटलं, मी केली. वहिनीनं म्हटलं आणि मी केलं नाही, असं कधी झालंय? पण ती तार आता…

बरं, बोल तू. भाऊ वकील, त्यामुळं तुला बोलायला मिळत नाही म्हणतेस, तर बोल.

हं… हं… ते माहीत आहे गं. शेजारची मॅडम विलायतेला गेली, जाताना म्हातारं कुत्रं तुझ्या गळ्यात बांधलं, तू माझ्या गळ्यात बांधलंस. पुढं?… दुसरं घर मिळेना?… म्हातारं म्हणून?… डोळ्यात पडदा, दात पडलेले… तारे, तू टोबीचं बोलतेस ना?

बरं. मग परत नेऊन करणार काय?

सुई? कसली सुई?

फौजेतला जनावरांचा डॉक्टर… हं… झोपेतच… त्याला कळणारही नाही. आणि आम्हाला?

काय? माणूस निघालासुद्धा?… कोण बंकट? तुमचा शिपाई?… रेल्वेनं परळी, परळीहून मोटार… आज? आजच्या मोटारीनं?

तारे, जन्मात एक काम वेळेवर केलंस, ते हेच? तुझं उत्तर आलं नाही, मला वाटलं नेहमीसारखं विसरली असशील. त्याच भरवशावर होतो मी!

अगं, द्यायचा नाही! टोबी द्यायचा नाही!… पेशकारसाहेब, माफ कीजिए, लाईन खराब हाय, म्हणून ओरडतोय. आपके शिपाई को जरा घर भेजूं?… शुक्रिया. सिदू, मिशा मागाहून पीळ. पळ आमच्याकडं. मालकिणीला सांग, हैदराबादचा माणूस आला तर कुत्रं त्याच्या हाती द्यायचं नाही. म्हणावं, मोहनरावांनी सांगितलंय… नको, माझं नाव नको सांगू. नुसतं द्यायचं नाही म्हण. पळ!

हां, तारे… वहिनी? वहिनीला चालत नाही कुठलं! ऐक तर.

आला तेव्हा खाईना हे खरं. भाकरी टाकली की हुंगायचा, मग माझ्याकडं असं बघायचा, जणू त्याचा दावा मीच हरलोय. डबलरोटी इथं कुठून आणू? अंगावर ते कुरळे केस, धुळाजी मेंढक्या घोंगडी द्यायला आला तर म्हणतो, “मालक, ह्ये मेंढरू भुकतंय कावून?” वहिनीनं उंबऱ्याच्या आत घेतला नाही, म्हणून गोठ्यात. गाईनं जागा दिली, तिनं दिली नाही.

मग चंपाषष्ठी आली… विसरलीस? हैदराबादेत राहून खंडोबा विसरलीस? तळी भरली, भरीत-रोडगा झाला. आणि कुत्र्याला नैवेद्य घातल्याशिवाय आपल्यात कुणाचं पान वाढतात?… तेच तर! ते कुत्रं मिळेना.

मिळेना म्हणजे, आमचा स्वयंपाक उशिरा. तोवर बीडातली सगळी कुत्री घरोघरचे रोडगे खाऊन तट्ट. एक आलं, नैवेद्य हुंगला, तिथंच पाय ताणून झोपलं. धुळाजीनं आपलं ओढून आणलं, त्यानं तोंड फिरवलं. आप्पा पाटावर बसून थेट देवालाच शिव्या द्यायला लागले. त्या वयात आवाज चांगला हाय.

हां जी, एक्सचेंज. बोल रहा हूं… अजून हाय बोलणं. लई हाय.

तारे?… काय म्हणतेस? गोठ्यातला? अगं, तो कुणाच्या ध्यानातच नाही! आम्ही गाव पालथं घालतोय आणि कुत्रं घरात. त्याला कुत्रं कुणी धरतच नव्हतं. धुळाजीला ते मेंढरू, वहिनीला अडचण, मला बहिणीनं पाठवलेला आहेर.

शेवटी तो भुंकला. भुकेनंच भुंकला असेल. वहिनी ताट घेऊन उठली. गोठ्यात गेली, रोडगा दुधात कुस्करला, घास हातावर धरला आणि म्हणाली, “खा रे बाळा.”

…हो. बाळा म्हणाली.

पोटची पोर, आपली छबू वारली, तेव्हापासून तो शब्द घरात कुणी… तुला माहीत आहे. ‘वाढलंय’ आणि ‘दार लावून घ्या’, एवढंच बोलणं उरलं होतं. मला वाटलं, आता एवढ्यावरच संपवायचं दोघांनी.

खाल्ला ना! सगळा. मग हात चाटला… काय? मॅडम हातानंच भरवायची? हे तू आता सांगतेस? साखळी पाठवलीस, ताटली पाठवलीस, केस विंचरायचा ब्रश पाठवलास, आणि हे राहिलं!

बरं, बरं, रडू नको. बरं झालं राहिलं. आधी सांगितलं असतंस तर मीच भरवलं असतं, आणि घर होतं तसंच राहिलं असतं.

आता बोलते ना. दिवसभर… माझ्याशी कुठलं! टोबीशी. आता सोप्यात घेतलाय त्याला. त्याला छबूचं सांगते, ती लहानपणी कशी हट्ट करायची ते. भाव सांगते. माझा स्वभाव सांगते. मला माझ्याविषयी बरंच नवीन कळलं. पण मी त्याच सोप्यात बसलेला असतो ना, तारे. ऐकू येतं. कुणी तरी घरात बोलतंय, हे ऐकू येतं.

म्हणून म्हणतो, तुझे…

थांब, सिदू आला. संगं कोण?… बंकट? तारे, तुझा माणूस आला. हातात साखळी हाय!

टोबी कुठाय बे?… हं?… घरीच?… मग तू इथं कावून आलास?… काय म्हणाली?… पुन्हा सांग.

…तारे. आहेस ना?

ऐक. हा मोटारीतून उतरला तो सरळ घरी गेला. वहिनीनं आधी जेवू घातलं. मग विचारलं, “काय न्यायला आलास बाबा?” हा म्हणाला, “म्हातारं झालंय, दात न्हाईत, दिसत न्हाई, कुणी ठिवून घ्यायला तयार न्हाई, त्ये न्यायचंय.” तर वहिनी म्हणाली, “ते कचेरीत गेलंय. टेलिफोनवर वरडत असंल. तिथनं ने.”

म्हणून आला. साखळी घेऊन.

हस, हस… अगं, पेशकारसाहेबसुद्धा हसतायत. हसू दे. तारे, तिनं चेष्टा केली. माझी चेष्टा केली तिनं! कळतंय का तुला?… हो… हो गं.

बंकटला उद्या परत लावून देतो, रिकाम्या हातानं. तू त्या डॉक्टरला नाही म्हणून कळव. आणि मॅडमला विलायतेला पत्र टाक. लिही, कुत्रं घरी आहे… नाही, कुणाच्या घरी ते नको लिहू. नुसतं घरी आहे, लिही. तिला समजेल.

आणि तारे… हॅलो?… हॅलो, एक्सचेंज?… तारे?

…बरं. ऐकत नसशील, तरी सांगतो. लई उपकार झाले बाई तुझे.