वीतभर उरलेला दोर

मंडळी, एक सांगा — चोर आधी कुठं जन्मतो? त्याच्या घरात, की आपल्या मनात? अहो मागचे पाव्हणे, चपला कुठं काढल्यात? वळून बघितलंत! बघितलंत ना? मग ऐका, आख्यान तुमचंच आहे!

पिंपळढव्याच्या मारुतीपुढं पैज लागली. यमाजी टेकवडे कडाडले, "व्याही, शिवेचा दगड तुम्हीच सरकवता!"

हैबती म्हणाले, "सरकला असंल, तर बैलाच्या जागी मी तुमची गाडी ओढीन. नसला, तर तुम्ही माझी!"

"लागली!"

आता हे गाव केवढं? मागं डोंगर, पुढं ओढा, मधी पंचवीस उंबरे! दोघा साडूंनी वसवलं — बायका एका पोटच्या, पण एका चुलीवर कालवण शिजेना! मग वरची आळी, खालची आळी, आणि मधोमध म्हसोबाचा दगड. खालच्या आळीच्या विहिरीपासून दगडापर्यंत दोर ताणला आणि तिथंच कापला. दर पाडव्याला मोजायचं, आपापल्या अंगानं शेंदूर लावायचा.

आणि खालच्या आळीच्या यमाजींचा दोर उरायला लागला! आधी बोटभर, मग चार बोटं, यंदा वीतभर! म्हणजे दगड आपल्याकडं सरकला! कोण सरकवतं? वरच्या आळीच्या हैबतीच्या अंगणात पहार दिसली — "बघा, पहार!" अहो, शेतकऱ्याच्या अंगणात पहार नाही तर काय तंबोरा असणार? हैबती खोकले — "इशारा करतोय!"

यमाजींची सून पारू, हैबतीचीच लेक. तिला ताकीद — "चोराच्या घरी माहेरपण नाही!" तीन वर्षं, मंडळी! आई दगडापलीकडं, लेक अलीकडं. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू. दगडापाशी येऊन लेकीचा नुसता आवाज ऐकून माघारी जायची.

यमाजींनी तर देवालाच राखणीला बसवलं. दर अमावास्येला तेलात कालवून ओंजळभर शेंदूर — "म्हसोबा, नजर ठेव!" जसा संशय वाढला, तसा शेंदूर वाढला!

निवाड्याला सगळा गाव जमला. "घ्या शपथ!" म्हणत यमाजींनी दगडावर नारळ आपटला — खाड्! नारळ शाबूत, म्हसोबाच फुटला! यमाजींच्या बाजूची शेंदराची वीतभर जाड खोळ धाडकन् खाली! आत काळा दगड, पूर्वजांनी रोवला तिथंच. पारूनं दोर लावला.

"मामंजी... बरोब्बर!"

यमाजींचं तोंड? वाळलेलं कारलं! म्हणाले, "मग सरकवला कुणी?"

"तुम्ही, व्याही. ओंजळ-ओंजळीनं! आता या, जू वाट बघतंय."

यमाजींनी मान दिली. हैबती मात्र गाडीत चढेनात. म्हणाले, "मी नाही बसत. पारूला बसवा."

हसताय? हसा, हसा! पण शेजाऱ्यावर तुम्ही किती थर चढवलेत? दोर उरला की आधी आपला हात बघा रे बाबांनो, बोटं लाल सापडतील!

गाडी दगड ओलांडून गेली. गाव दुतर्फा उभा, पोरं "हुर्र-हुर्र" करतायत. दारात म्हातारी चाचपडत आली, "कोण आलं गं?"

यमाजी धापा टाकत म्हणाले, "विहीणबाई, लेक आणलीय. बैलाला पाणी दाखवा!"