कुलूपकाकांच्या मशीनवरची उघडी नोंद

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे संचालक साहेब, व्यासपीठावर बसलेले प्रमुख पाहुणे, म्हणजे रुग्णालयाचे खरेदी अधिकारी महोदय, ज्यांना आपण सगळे कुलूपकाका म्हणतो ते आजचे सत्कारमूर्ती, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या त्यांच्या पत्नी, आपल्या वहिनी, आणि एक डोळा मागच्या टेबलावरच्या झाकलेल्या ताटांवर ठेवून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला चार शब्द बोलायला सांगितलं आहे. जिन्यात साहेब भेटले, म्हणाले, "गोड बोला हं." इतकी वर्षं मला कोणी असं सांगितलं नव्हतं. तिथेच मला पहिली शंका आली.

पाहुण्यांना माझी ओळख नसेल. मी टेस्टर. आपण सलाइन देणारे पंप बनवतो. त्यांच्या आतला प्रोग्राम काका लिहितात आणि तो कुठे चुकतो हे मी शोधते. संशय घेण्याचा मला पगार मिळतो. आता ती सवय घरीही जाते, त्याला काय करणार? नवरा म्हणतो, तू चहासुद्धा वास घेऊन पितेस.

तर अशा बाईने काकांकडे कसं बघितलं असेल? हा माणूस पाणी प्यायला उठला तरी मशीन, म्हणजे आपला कॉम्प्युटर, लॉक करून जायचा. त्याच्या प्लगवर साबणाच्या डबीचं झाकण चिकटपट्टीने लावलेलं, का, तर झाडणाऱ्या मावशींनी चुकून काढू नये! आणि त्याच मशीनवर, टेबलाखाली, पायांशी, आपल्या सगळ्यांचं बग नोंदवायचं सॉफ्टवेअर. वहिनी, बग म्हणजे प्रोग्राममधली चूक. आम्ही आपापल्या जागेवरून ब्राउझरमध्ये ते पान उघडतो आणि चूक लिहून टाकतो. मोठा सर्व्हर वरच्या मजल्यावर, साहेबांच्या केबिनशेजारी, थंड हवा खात उभा असताना हे सॉफ्टवेअर काकांनी स्वतःच्या साध्या डेस्कटॉपवर का बसवलं? ज्याच्या चुका लिहायच्या, वही त्याच्याच खिशात? मी असते तर पुसल्या असत्या, असं नाही म्हणत. पण मनात आलं असतं.

म्हणून मी एकदा खोटा बग टाकला. काकांच्याच कामातला, अगदी झोंबणारा. गायब होतो का बघायला. मला त्याची लाज वाटत नाही, धंदाच आहे तो. दुसऱ्या दिवशी काका माझ्या टेबलापाशी आले.

"हा बग खोटा आहे ना गं?"

"कशावरून?"

"तू चूक कशी घडली ते पायरीपायरीने लिहितेस. इथे नुसताच राग आहे."

"मग काढून टाका की!"

"मी कसा काढू? तू टाकलास, तूच बंद कर."

हाच आपल्या खोलीचा रिवाज, पाहुण्यांसाठी सांगते. ज्याने बग नोंदवला त्यानेच तो बंद करायचा. ज्याने दुरुस्त केला त्याने नाही, आणि ज्याला माल पाठवायची घाई आहे त्याने तर नाहीच नाही. काकांनी सॉफ्टवेअरच तसं बसवलं होतं. तरी माझा संशय फिटला नाही. मला वाटलं, हा माणूस फारच पोचलेला आहे.

आता या समारंभाबद्दल. साहेब, व्यवस्था उत्तम आहे. फुलं ताजी आहेत. पण काकांच्या निवृत्तीला अजून अवकाश होता, नाही का? परवापर्यंत त्यांच्या तोंडी जाण्याची भाषा नव्हती आणि आज शाल तयार! शालीवर अजून दुकानाची चिठ्ठी आहे. सोमवारी पंपांची पहिली खेप रुग्णालयात जाणार, आणि उद्या सकाळी काकांचं मशीन कोरं करून नव्या माणसाला द्यायचं, अशी सूचना आली आहे. जुन्या नोंदींचं काय, असं मी विचारलं. उत्तर मिळालं, "मोठ्या सर्व्हरवर नवी सुरुवात करू." नवी सुरुवात! शब्द किती छान आहे.

काल जेवणाच्या सुट्टीत काकांनी मला हाक मारली. म्हणाले, "तुझ्या मशीनवर बसवूया हे." मी म्हटलं, "आता का?" माझ्या मनात आलं, जाता जाता गळ्यात घालताहेत. पण बसलो. आधी वेब सर्व्हर, मग डेटाबेस, मग ते सॉफ्टवेअर. वेब सर्व्हर सुरूच होईना, कारण त्याला हवा तो पोर्ट, म्हणजे ये-जा करायचा दरवाजा, माझ्या व्हिडिओ कॉलच्या प्रोग्रामने आधीच धरून ठेवला होता. तो बंद केला. मग पान माझ्याकडे उघडलं, पण शेजारच्या टेबलावरून उघडेना. काका हसले. "तुझं मशीन तुझ्यावरच गेलंय. बाहेरून येणाऱ्या कोणावर विश्वास नाही त्याचा. फायरवॉलमध्ये तूच परवानगी दे." दिली. जुन्या सगळ्या नोंदी आणल्या. उरला मुख्य पासवर्ड. काका म्हणाले, "तू टाक," आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले.

मी काय केलं सांगू? खिडकीच्या काचेत त्यांचं प्रतिबिंब बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते.

मग मी विचारलं, "काका, खरं सांगा, मोठ्या सर्व्हरवर का नाही बसवलंत?" ते म्हणाले, "त्याच्या चाव्या वर असतात." एवढंच. आणि बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की आजवर मी संशय घेतला, पण चुकीच्या मजल्यावर.

एक नोंद उघडी आहे, साहेब. मी टाकलेली. वीज जाऊन पंप बॅटरीवर आला आणि नेमकी तेव्हाच बाटली संपली, तर कधीकधी घंटा वाजत नाही. काकांनी दोनदा दुरुस्ती केली, दोनदा मी परत पाठवली. तिसऱ्यांदा त्यांना सांगण्यात आलं की झालं असं लिहून टाका. त्यांनी लिहिलं नाही. त्यानंतर शाल आली. या दोन गोष्टींचा संबंध आहे का? मला ठाऊक नाही. मला शंका आहे.

वहिनी, मघाशी दारात तुम्ही मला म्हणालात, "आता हे घरी कशाला कुलूप लावणार गं?" मी हसले. पण तुम्ही ज्या वॉर्डात परिचारिका आहात, हे पंप तिथेच यायचे आहेत. तुम्ही दुसऱ्या खाटेपाशी असाल आणि भरवसा घंटेवर ठेवाल. काकांनी हे मला कधी बोलून दाखवलं नाही. मीही आज पहिल्यांदाच बोलते आहे.

साहेब खुणेने बसायला सांगत आहेत, तेव्हा आवरतं घेते. काकांचं मशीन उद्या खुशाल कोरं करा. नोंदींच्या पानाचा नवा पत्ता, म्हणजे माझ्या मशीनचा, मागच्या फळ्यावर लिहिला आहे. खरेदी अधिकारी महोदय, तो आपणही उतरवून घ्यावा, ही नम्र विनंती.

काका, तुमच्यावर घेतलेला संशय मी बंद करते. मीच नोंदवला होता, म्हणून मलाच करता येतो.

संयोजकांचे, पाहुण्यांचे आणि इतका वेळ ताटांवरची झाकणं न उघडणाऱ्या आपणा सर्वांचे आभार. माझ्या बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घालू नका, नोंदवा. तुमचं समाधान होईल तेव्हा तुम्हीच ते बंद करा. घंटेची नोंद मात्र माझी आहे. ती घंटा वाजलेली मी माझ्या कानांनी ऐकेपर्यंत ती उघडीच राहील.