शेगडीची धग

— न्हाय, झोपलीय म्हणते न्हवं मी. झोपलेल्या बाळंतिणीला उठवायचं नसतं, एवढं तर तुमच्या नर्सिंगच्या कोर्सात शिकवलं असंल की. बसा हितं कट्ट्यावर, सावली हाय. तुमी दवाखान्यातनं आमच्या काव्याला बघायला आलाय, ठाऊक हाय मला. सून माजी. बाळ बघा ना तुमी, बाळ आणते भाईर. लई गुणाचं हाय — रडतंय जरा, पर बाळच ते, दुसरं काय करणार? भूक लागली असंल. न्हाय, पाजत न्हाय ती, कालपासनं. हातात धरायला अंगात जोर नको का? मी आपलं वाटीनं गाईचं दूध — बरं बरं, डोळं मोटं करू नका, ते तुमच्या डॉक्टरास्नी सांगायची गरज न्हाय.

ताप? ताप कशाला यील? अवो, खाटंखाली शेगडी हाय. आमच्या घरात बाळंतिणीला शेक दिल्याबिगर राहवत न्हाय कुणाला. माज्या सासूनं मला दिला, तिला तिच्या सासूनं. त्या खोलीत तुमी घटकाभर बसलात, तर तुमचं बी अंग तापंल, मग तुमाला पण घालू का आम्ब्युलन्समदी? ते काखंत लावायचं यंत्र ठेवा पिशवीत. शेगडीची धग हाय ती. न्हाय, हुडहुडी भरली हुती मधी, खोटं कशाला बोलू — दात वाजायला लागलं तिचं, खाट हालायला लागली. म्हणून तर कोळसा वाढवला. दोन चादरी घातल्या वरनं. तरी म्हणती थंडी वाजती. मी अमरेशला म्हटलं — लेक माजा, भुसार दुकान हाय त्याचं — म्हटलं, बघ, हे असं असतं, म्हणून शेक लागतो. तो म्हणत हुता डॉक्टरला दाखवू. म्हटलं तू दुकान बघ, बायकांच्यात पडू नको. गेला बिचारा. ऐकतो माजं.

का ओ, नाकाला पदर का लावला? वास? हितवर आला? — ती धुरी हाय. ओवा, शेपा, लसणीची सालं टाकलीत निखाऱ्यावर. बाळंतिणीच्या खोलीला वास असतोच बाई, कच्चं अंग असतं. हां, जरा जास्तच हाय, म्हणून धुरी दोनदा केली. परवाधरनं येतोय. कापडं बदलली की मीच बदलते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाय. घाण वाटत न्हाय मला. बिनआईची पोर ती. आई, सुंदरम्मा म्हणून, ही शाळंत असतानाच गेली. बाप अक्कलकोटकडं शेतावर एकटा. मग बाळंतपण कुणी करायचं? पहिलटकरीण माहेरी जाती ही रीत, पर माहेरी कोण हाय? म्हटलं मी, शिवम्मा, अजून जिती हाय, आनि हितंच करीन मी. आनि करते. रोज मेथीची पेज, डिंकाचं लाडू. एक लाडू गेला न्हाय तिच्या पोटात, ती गोष्ट वेगळी.

आता हे काय विचारता, गडीमाणसं जात्यात गल्लीतनं. हळू बोला की. लघवी न्हाय झाली. काल सकाळी थोडी झाली, लालसर. अवो, पाणीच देत न्हाय आमी, पोट सुटतं, मग हुणार कुटनं? मागती ती, लई मागती. एक घोट देते, ओठ ओलं करते. श्वास व्हय, श्वास घेती भराभरा, धावून आल्यागत. पोटाला पट्टा बांधलाय न्हवं मी, घट्ट, दम लागणारच. सगळ्याला कारण असतंय बाई. तुमी दवाखान्यातली माणसं, तुमाला जिथंतिथं रोगच दिसतो.

रक्तात इख पसरतं म्हणता? दवाखान्यात घातलेल्या टाक्यातनं, गर्भपिशवीतनं? असंल, एखादीला हुत असंल. आनि आज? आज कसं नेणार मी तिला? तुमाला काय माहीत न्हाय काय, आज पाचवी हाय. पाटा मांडलाय आत, हळदकुंकू हाय, कोरी कापडं हायत. आज सटवाई येणार, पोराचं नशीब लिहायला. खाट रिकामी बघितली तर काय लिहील ती त्याच्या कपाळावर? सांगा की. उद्या नेऊ. मी स्वतः बसते रिक्षात तिच्या शेजारी. उद्या. आता तर काय, आता बरी हाय ती. खरं सांगते. ताप असंल तर असंल, पहाटंपासनं तो बी उतरलाय. हात लावून बघितला — गार. हात गार, पाय गार, गुडघ्यापतोर. शेगडी असून गार. कपाळाला नुसता घाम. म्हटलं सुटली पोर —

बसा की. अशा ताडकन का उठलात?

बोलती ओ, शुद्धीवर हाय. सारखं काय शुद्ध हाय का, शुद्ध हाय का. उलट आज जेवढं गोड बोलली, तेवढं ह्या घरात आल्यापासनं कधी बोलली नव्हती. तुमाला म्हणून सांगते. लगीन झाल्यापासनं मला अत्तीच म्हणायची, कानडीत सासूला म्हणत्यात तसं. अत्ती हे, अत्ती ते. कामापुरतं. मी बी काय कमी टोचून बोलले न्हाय तिला. मला लेक न्हाय, मनात यायचं, एकदा तरी आई म्हणंल. पर मागून कसं घ्यायचं ते? आनि आज सकाळी उशाशी बसून तोंडावरनं हात फिरवला, तर डोळं उघडलं आनि म्हणाली, अव्वा. आई. लई भरून आलं मला, पदर तोंडात धरला मी. म्हटलं, इतकं केल्याचं चीज झालं.

आनखी? बोलली की आनखी. म्हणाली, अव्वा, यावाग बंदि? आई, कवा आलीस? मी म्हटलं, आत्ताच आले गं. आपलं तिला बरं वाटावं म्हणून. तर म्हणती, वेणी घाल, शाळंला उशीर हुतोय. हसले मी. लाडात यिऊन बोलत्यात पोरी असं, न्हाय? म्हटलं घालते, इकडं बघ. पर माज्याकडं बघतच नव्हती ती. माज्या मागं बघत हुती. दाराकडं. त्या दाराला बघून हसली.

दारात कोण नव्हतं.

म्हंजे — मला कवा आलीस असं का इचारंल ती? मी तर रात्रभर तिच्या उशालाच हुते. मी कुटं गेले हुते, कवा आलीस म्हणायला? आनि शाळा — शाळंत असताना तिची —

बाई.

बघा तिला. न्हाय, इचारू नका मला काय, आत शिरा, बघा. गाडी बोलवा, अमरेशला बोलवा, कुणाला बोलवायचं ते बोलवा. पाटा असू दे मधी, सरकवा पायानं. जावा तुमी पुढं.

मला न्हाय जाववत आत.