हरीबुवांचं गाणं

गाण्याला नंबर देणं मी कुंभवलीत कायमचं सोडलं. तेव्हा मी बोईसरला शाळामास्तर होतो. दांडीचे हरीबुवा आणि शिरगावचे नथूबुवा हे दोघे म्हातारे गायक. जन्मभर एकमेकांशी चढाओढ केलेली, पण त्या वर्षी एकत्र गावोगाव गात होते. कुंभवलीच्या मांडवात कुणाचं गाणं सरस, हे मी ठरवायचं होतं.

हरीबुवांनी आपलं गाजलेलं गाणं धरलं आणि दुसऱ्याच कडव्याला त्यांचा आवाज बसला. नथूबुवा उठून त्यांच्या शेजारी बसले आणि तेच गाणं शेवटपर्यंत गायले. स्वतःचं एकही गायले नाहीत.

मी निकाल सांगायला उठलो, तर हरीबुवांनी माझा हात धरला.

"निकाल नका देऊ, मास्तर," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "जन्मभर गायलो, पण माझं गाणं मी आज पयल्यांदा ऐकलं."